‘मुलाबद्दल सविस्तर लिहा’ या चौकटीत नेमकं काय लिहायचं?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत, स्पेशल स्कूलची अ‍ॅडमिशन. कुणाचा फॉर्म अडलाय, कुणाला नकार आलाय, कुणाच्या घरात त्यावरून दोन तट पडलेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवते आणि ही पाच पत्रं घेते. काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. स्पेशल स्कूलचा फॉर्म बाकी सगळा भरून झालाय पण शेवटी एक मोठी चौकट आहे, ‘मुलाबद्दल सविस्तर लिहा’. तीन दिवस तिच्यापुढे बसतेय. नवरा म्हणतो चांगलं चांगलंच लिही, चावतो वगैरे लिहिलंस तर पहिल्या फटक्यात बाहेर काढतील. थेरपिस्ट म्हणतात काही लपवू नका. आणि खरं सांगू का, त्याचं वाईट लिहायला घेतलं की रडूच येतं, आपणच आपल्या लेकराची चहाडी करतोय असं वाटतं.

रडू येणारच हो. मी बरीच वर्षं स्पेशल एज्युकेटर म्हणून टेबलाच्या पलीकडे बसून असे फॉर्म वाचलेत, आणि कितीतरी फॉर्मवर त्या चौकटीत खोडून खोडून लिहिलेलं असायचं, त्यावरूनच कळायचं की लिहिणाऱ्या आईचं काय झालं असेल.

पण वाचणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय चालू असतं ते सांगते. हा मुलगा सोमवारी सकाळी दारातून आत आला तर मला त्याच्यासाठी किती माणसं लागतील, कुठली खोली लागेल, पहिल्या तासाला काय तयारी लागेल, एवढंच. ‘खूप प्रेमळ आहे, हुशार आहे, थोडा हट्टी आहे’ हे वाचून यातलं काहीच कळत नाही. नुसतं ‘ऑटिझम’ वाचूनही कळत नाही कारण तोच शब्द लिहिलेली दोन मुलं एकमेकांपासून अगदी वेगळी असतात, एकाला मिठी मारलेली हवी असते आणि दुसऱ्याच्या खांद्याला नुसता हात लागला तरी तो किंचाळतो.

म्हणून प्रत्येक अवघड गोष्ट लिहिताना चार गोष्टी लिहायच्या. आधी काय घडतं, तो काय करतो, तुम्ही काय करता, आणि किती वेळात सावरतो. ‘चावतो’ एवढंच लिहिलंत तर वाचणारा घाबरेल, नवऱ्याचं बरोबर आहे. पण हे बघा: ‘अचानक मोठा आवाज झाला, म्हणजे कुणी खुर्ची फरशीवरून खरकन ओढली, की तो दोन्ही कान दाबतो. त्या वेळी कुणी हात धरला तर त्या हाताला चावतो. हात न धरता कोपऱ्यात जाऊ दिलं तर दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो. आठवड्यातून साधारण दोनदा होतं.’ चावणं यातही आहेच, काहीच लपवलेलं नाही, पण आता वाचणाऱ्याला माहितीये की हात धरायचा नाही आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावायचे. यात चहाडी कसली, तुम्ही त्याच्या वतीने बोलताय, त्याला बोलता येत नाहीये म्हणून.

आता लपवलं तर काय होतं तेही ऐका. एका शाळेत मी होते तेव्हाची गोष्ट. फॉर्मवर लिहिलं होतं ‘टॉयलेटला स्वतः जातो’. पहिल्या आठवड्यात रोज कपडे ओले, मुलगा कानकोंडा, टीचर वैतागलेल्या, आणि सगळ्यांना वाटलं आई खोटं बोलली. आईला बोलावलं तर तीही रडकुंडीला आली, घरी खरंच जातो म्हणाली. मग सहज विचारलं, घरी कसं जातो ते सांगा बरं सगळं. तेव्हा कळलं की ती दर दीड तासाने हातातलं काम टाकून त्याला बाथरूमच्या दारापर्यंत नेत होती, दिवा लावत होती आणि बाहेर उभी राहत होती, दोन वर्षं रोज, आणि ते आपण करतोय हे तिच्या लक्षातच येत नव्हतं! खोटं तिने काहीच लिहिलं नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, लपवाछपवी करणारे त्या मानाने थोडे. मुलाला आपण जी मदत करतो ती इतकी अंगवळणी पडलेली असते की दिसेनाशी होते. ‘घरातून पळून जात नाही’ असं लिहितो, कारण दाराला वरची कडी बसवून चार वर्षं झालेली असतात. ‘रात्री नीट झोपतो’ लिहितो, कारण कुणीतरी शेजारी पाय दाबत पडलेलं असतं. तेव्हा एक करा, एखाद्या सुट्टीच्या दिवशी मावशीला, मोठ्या बहिणीला, कुणालाही वही घेऊन घरात बसवा आणि सकाळपासून तुम्ही त्याच्यासाठी जिथे जिथे मध्ये पडता ते टिपायला सांगा. संध्याकाळी ती वही वाचाल तेव्हा तुम्हालाच धक्का बसेल, आणि त्या चौकटीतला अर्धा मजकूर तिथेच तयार असेल. त्याशिवाय दोन आठवडे त्याच्या अवघड प्रसंगांची तारखेनिशी नोंद ठेवा, रोज दोन ओळी पुरेत.

आणि हो, तो ‘हवं’ कसं सांगतो ते नक्की लिहा. हात धरून कपाटापाशी नेतो, वस्तू तुमच्या हातात कोंबतो, चित्र आणून देतो, जे काय असेल ते. चित्राच्या बदल्यात वस्तू देण्याची पेक्स नावाची पद्धत १९८५ पासून वापरात आहे, तुम्ही ती करत असाल तर कितव्या टप्प्याला आहात ते थेरपिस्टला विचारून लिहा, म्हणजे नव्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही. शेवटी तो कशाने हसतो ते लिहा. फुगा सोडला की हसतो, पाणी ओतलं की हसतो, हे वाक्य टीचरला पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

नमस्कार. मुलगी आठ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असते, हाताने काही धरता येत नाही, बोलता येत नाही. पण तिला सगळं कळतं, विनोद झाला की बरोबर जागी हसते. असेसमेंटमध्ये ‘तीव्र बौद्धिक अक्षमता’ असं आलंय आणि त्यावरून एका शाळेत जागा मिळतेय जिथे सगळी मुलं त्याच गटातली आहेत. घ्यायची का? की आम्हीच आमच्या मनाचे खेळ करतोय?

मनाचे खेळ असतील असं मला तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. विनोदाला बरोबर जागी हसायला बरंच काही कळावं लागतं. पण वाटण्यावर शाळा चालत नाही, कागद लागतो, तर तो कागद नीट करून घेऊ.

पहिला प्रश्न सायकॉलॉजिस्टना विचारा की टेस्ट कुठली केली आणि माझ्या मुलीने उत्तरं कशी दिली. नेहमीच्या बुद्ध्यांक चाचण्यांमध्ये तोंडी उत्तरं असतात, ठोकळे जुळवायचे असतात, काही भाग घड्याळ लावून असतात. जिला बोलताही येत नाही आणि हातही वापरता येत नाही तिचे त्यात मार्क जाणारच, आणि ते बुद्धीचे गेले की हाताचे ते त्या आकड्यावरून कळत नाही. पालकांना विचारून भरतात त्या व्हाइनलँडसारख्या स्केलमध्येही तेच, ‘स्वतः कपडे घालते का’ याला नाही म्हटलं की मार्क गेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, म्हणजे साधारण निम्म्यांना नसते. शरीर किती अडलंय यावरून ते ठरवता येत नाही. तुमच्या फाईलमध्ये जीएमएफसीएसची लेव्हल लिहिलेली असेल, एक ते पाच, ती फक्त हालचालीची आहे हो, लेव्हल पाच म्हणजे डोकंही पाचव्या पायरीवर असं नाही. कम्युनिकेशनची अशीच पाच पायऱ्यांची वेगळी स्केल आहे, तीही करून मागा.

दुसरं, डोळे तपासलेत का? या मुलांमध्ये डोळा चांगला असूनही मेंदूपर्यंत चित्र नीट न पोचण्याचा त्रास बराच दिसतो. चित्र दिसलंच नाही तर ती उत्तर काय देणार! ते तपासून झालं की मग अशी टेस्ट मागा ज्यात चार-सहा चित्रांपैकी एक निवडायचं असतं, आणि ते नजरेने निवडायची मुभा मागा. ऐकलेला शब्द चित्रात ओळखायच्या चाचण्या आहेत, रेव्हन्स नावाच्या बुद्धिचाचणीतले चित्रांचे पॅटर्न आहेत. पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीच्या चार कोपऱ्यांना चार चित्रं लावायची, पलीकडे आपण बसायचं, ती कुठल्या कोपऱ्याकडे बघते ते आरपार दिसतं. साधी गोष्ट आहे पण टेस्टच्या वेळी सायकॉलॉजिस्टसोबत स्पीच थेरपिस्ट असावी, असं आधीच सांगून ठेवा.

घरी दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. फक्त ‘हो ना गं?’ असं लाडात विचारू नका, आपल्या सुरातच उत्तर असतं. ज्याचं उत्तर तिलाच माहितीये असं विचारा, दोन्ही पर्याय सारखेच शक्य असतील असे ठेवा आणि तिची नजर थांबेपर्यंत गप्प बसा, दहा सेकंद, वीस सेकंद, लागतील तेवढे. चुकलेली उत्तरंही व्हिडिओत राहू द्या, कापलेल्या व्हिडिओवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि मिळतेय ती जागा लगेच सोडू नका. नवीन असेसमेंट करून घेतोय, तोवर जागा राखता येईल का असं लेखी विचारा. तिथल्या मॅडमना एकच प्रश्न विचारा, बोलता न येणाऱ्या मुलाने तुम्हाला काही सांगायचं असेल तर तो इथे कसं सांगतो? उत्तरादाखल त्या उठून चित्रांचे बोर्ड, बटणं, टॅबलेट असं काही दाखवायला लागल्या तर मी म्हणेन शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय ते दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि तिथे विचार करा. ‘अहो आम्हाला कळतं बरोबर’ असं उत्तर आलं तर तुमच्या मुलीचं तिथे होणार नाही.

मुलगी चार वर्षांची आहे, ऐकू येत नाही हे अडीच वर्षांची असताना कळलं, तिसऱ्या वर्षी कॉक्लियर इम्प्लांट झालं. दोन शाळा बघितल्या. एक म्हणते घरात खाणाखुणा पूर्ण बंद करा नाहीतर ती कधीच बोलणार नाही. दुसरीत साइन लँग्वेज आणि बोलणं दोन्ही शिकवतात. नातेवाईक म्हणतात एवढं ऑपरेशन केलं आता खुणा कशाला. मला काहीच सुचत नाही.

हा वाद तुमच्या नातेवाईकांनी सुरू केलेला नाही, फार जुना आहे. १८८० साली इटलीत मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे जमलेले लोक जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते, आणि त्यांनी ठरवलं की मुलांना फक्त बोलूनच शिकवायचं. त्यानंतर कित्येक पिढ्या बधिर मुलांच्या शाळांमध्ये हात हलवायला बंदी होती. १३० वर्षांनी, २०१० मध्ये, व्हँकुव्हरला त्याच परिषदेने ते ठराव नाकारले आणि झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. साइन लँग्वेज ही व्याकरणासकट पूर्ण भाषा आहे हे तर १९६० पासून भाषेचे अभ्यासक मांडत आलेत.

खुणांमुळे बोलणं बंद होतं ही भीती मला पटत नाही, मी तरी तसं झालेलं पाहिलेलं नाही. उलट उशिरा कळलेल्या मुलांची भाषेची पहिली वर्षं आधीच गेलेली असतात, तुमच्या लेकीची तीन वर्षं गेलीयेत, आता एक दिवसही बिनभाषेचा जायला नको. आणि इम्प्लांटचं कानाबाहेरचं मशीन आंघोळीला काढतो, झोपताना काढतो, बॅटरी संपते, तेव्हाही तिला आईशी बोलायचं असतंच ना.

तरी दुसरी शाळा डोळे मिटून घ्या असं म्हणत नाही. तिथे विचारा की बोलण्याची थेरपी आठवड्याला किती वेळ, कोण घेतं, आणि रोज सकाळी मशीन चालू आहे का ते कोण तपासतं. चांगल्या शाळेत टीचर तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज काढते आणि मूल ऐकल्याची खूण करतं, मिनिटभराचं काम आहे. ते होताना स्वतः बघा. पहिल्या शाळेत विचारा की दोन वर्षांत एखादं मूल बोललंच नाही तर तुम्ही काय करता. उत्तर नीट ऐका, बाकी काही विचारायची गरज पडणार नाही.

मी आजी आहे. नातू सात वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. साध्या शाळेत जातो, शिक्षिका प्रेमळ आहेत पण तो दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसून चित्रं रंगवतोय. सून म्हणते स्पेशल शाळेत घालू, मुलगा म्हणतो एकदा घातलं की शिक्का बसतो, परत बाहेर काढता येत नाही. दोघं एकमेकांशी बोलेनासे झालेत. मी कुणाच्या बाजूने बोलू?

आजी, दोघंही बरोबर बोलतायत म्हणून तर भांडण मिटत नाहीये.

तुमच्या मुलाच्या बाजूने जगातले मोठमोठे कागद आहेत. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्काला ९२ सरकारांनी मिळून म्हटलं की सगळ्या मुलांना सामावून घेणाऱ्या साध्या शाळा हाच रस्ता. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातलं कलम २४ तेच सांगतं, अपंगत्वामुळे मुलाला सर्वसाधारण शिक्षणातून वगळायचं नाही. मलाही मनापासून तेच हवंय. पण त्याच कलमात मुलाला लागेल तो आधार शाळेने द्यायचा असंही लिहिलंय आणि शेवटच्या बाकावर दोन वर्षं रंगवणं म्हणजे आधार नाही, तिथे सुनेचं खरं आहे.

आधी एक काम करा, त्याचे कान तपासा. डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठण्याचं प्रमाण खूप असतं, त्यामुळे आज ऐकू येतं उद्या कमी येतं असं होत राहतं, आणि हे मूल शेवटच्या बाकावर बसलंय! ऑडिओग्राम आणि डोळ्यांचा नंबर होईपर्यंत कुठलाच निर्णय नको, आणि उद्यापासून बाक पुढचा. मग सध्याच्या शाळेला लेखी विचारा की वर्षभरात त्याला काय शिकवणार, कोण, आठवड्यातून किती वेळ. उत्तर गुळमुळीत आलं तर मुलाला म्हणा, बाबा तू स्वतः एक तास स्पेशल शाळेच्या वर्गात जाऊन बस आणि मग बोलू. तिथे त्याने विचारायचं की गेल्या काही वर्षांत इथून साध्या शाळेत परत किती मुलं गेली. शिक्क्याची भीती किती खरी ते त्या उत्तरावरून कळेल. आणि आजी, बाजू कुणाचीच घेऊ नका, त्या दोघांना एकत्र पाठवा आणि नातवाला तेवढा वेळ तुम्ही सांभाळा.

मुलगी नऊ वर्षांची, बौद्धिक अक्षमता आणि फिट्सचा त्रास. चार महिने थांबून शाळेकडून दोन ओळींचं पत्र आलं, ‘आपल्या पाल्याच्या गरजा आमच्याकडे पूर्ण होऊ शकत नाहीत.’ फोन केला तर वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात. आता दुसरी शाळा बघायची की भांडायचं?

दोन्ही. दुसरीकडे अर्ज आजच करा, वेटिंग लिस्टची तारीख त्यावरून लागते, आणि इकडे भांडण्याआधी विचारा.

फोन बंद, आता फक्त लेखी. नेमकी कुठली गरज पूर्ण होऊ शकत नाही, ती पूर्ण व्हायला काय लागेल, आणि निर्णयावर फेरविचाराची मुदत किती, एवढे तीनच प्रश्न. मुदत चुकवू नका, बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, ही एकच गोष्ट होत नाही. हक्कांच्या भाषेत बोलायची वेळ आलीच तर मघाशी सांगितलेल्या करारात एक महत्त्वाची गोष्ट आहे, आवाक्यातली सोय करून द्यायला नकार देणं हाही भेदभावच धरलाय. पण पहिल्या पत्रात ते नको. आधी कळू तर दे नक्की कशाला घाबरलेत.

माझा अंदाज, फिट्सना. एखाद्या टीचरने आयुष्यात फिट पाहिलेली नसते आणि तिच्या डोळ्यांपुढे सगळ्यात वाईट तेच येतं. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडून एका पानाचा प्लॅन सहीसकट घ्या. तिची फिट दिसते कशी (टक लावून बघते की अंग झटकते), साधारण किती वेळ चालते, वर्षात कितीदा येते, कशाने वाढते. आल्यावर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाकातलं किंवा गालातलं औषध द्यायचं आणि अँब्युलन्स बोलवायची. नंतर ती किती वेळ झोपते आणि कधी पुन्हा वर्गात बसू शकते तेही लिहून घ्या, कारण ‘फिट आली की घरी न्या’ हा शाळांचा नियम तिथूनच सुरू होतो आणि त्यात मुलीची शाळा अर्धी बुडते.

हे पान जोडून पुन्हा पत्र पाठवा आणि एका साध्या कामाच्या दिवशी तिला घेऊन तासभर येऊ द्या असं मागा. जाल तेव्हा औषध बरोबर न्या, तारीख उलटलेली नाही ना बघून, आणि कुठे ठेवायचं, किल्ली कुणाकडे असणार, ती बाई रजेवर असली तर कुणाकडे, हे तिथेच उभं राहून ठरवून घ्या.